"दादा, प्लॅग काढून मिळेल का?"

माझं कॉलेज रोडला टायपिंग-बाईंडिंगचं छोटं दुकान आहे. सबमिशनचा सीझन आला की काउंटरवर कोपर टेकायला जागा राहत नाही, अन त्या गर्दीत दरवर्षी चार-पाच जण तरी असे येतात जे पेनड्राईव्ह पुढे सरकवून हळू आवाजात विचारतात, "दादा, प्लॅग काढून मिळेल का? बेचाळीस आलंय, दहाच्या आत आणायचंय." प्लॅग म्हणजे प्लॅगिअरिझम, दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून खपवणं, अन बेचाळीस म्हणजे ते तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टात आलेला सारखेपणाचा टक्का. विचारतात असं की जसं काय शर्टावर चहा सांडलाय अन मी ड्रायक्लीनिंगवाला. मी नाही म्हणतो. पण नुसतं नाही म्हणून हाकलणं बरं वाटत नाही, मग स्टूल देतो, चहा सांगतो अन जे सांगतो तेच आता एकदा लिहून टाकतोय, म्हणजे प्रिंट काढून काउंटरला चिकटवता येईल.

आधी माझंच सांगतो. मी इतिहासात एम.ए. केलंय अन माझी स्वतःची गोची झालेली आहे. डेझर्टेशनसाठी दोनशे पानी वहीत नोट्स काढल्या होत्या, वाचायचं अन आवडलं की उतरवायचं, एवढंच कळत होतं तेव्हा. सहा महिन्यांनी वही उघडून लिहायला बसलो तर कुठलं वाक्य पुस्तकातलं अन कुठलं माझ्या डोक्यातलं ते मलाच उमजेना. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी एका परिच्छेदावर बोट ठेवलं, "छान लिहिलंय, तुमचं का हे?" मी हो म्हणालो, कारण मला खरंच तसं वाटत होतं. सरांनी काही रागावणं वगैरे नाही केलं, त्या परिच्छेदाच्या पुढचं वाक्य, जे मी उतरवलंच नव्हतं, ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्या खोलीतला पंखा अजून आठवतो मला.

तर मुद्दा असा की चोरी बहुतेक वेळा लिहिताना होतच नाही, ती नोट्स काढताना होऊन बसलेली असते. रिपोर्ट येतो तेव्हा फक्त दिसते. म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

नोट्स काढताना

पुस्तक हातात आलं की पहिला फोटो कव्हरचा नाही, आतल्या शीर्षकपानाचा अन त्याच्या मागच्या पानाचा काढायचा. लेखक, प्रकाशक, आवृत्ती, साल सगळं त्या मागच्या पानावर असतं. मग जे पान हवंय त्याचा फोटो, पण पान नंबर फोटोत आला पाहिजे, नाहीतर सबमिशनच्या आदल्या दिवशी 'सावाना'त जाऊन तेच पुस्तक परत काढायची वेळ येते अन नेमकं ते कोणीतरी घरी नेलेलं असतं. (सावाना म्हणजे आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं आहे, जुनं मराठी हवं असेल तर नाशिककरांनी आधी तिथे जावं, नेटवर नंतर.) जुन्या मराठी पुस्तकांवर साल शके दिलेलं असतं, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतं, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या मधलं असेल तर ७९. म्हणजे शके १८५२ म्हणजे साधारण १९३०. अन पुनर्मुद्रणाचं साल अन आवृत्तीचं साल यात गोंधळ करू नका, आवृत्ती बदलली की पान नंबर पण बदलतात, म्हणून तुम्ही जी वापरली तीच लिहायची.

वहीत दोन पेनं. निळ्याने जे जसंच्या तसं उतरवलंय ते, अवतरण चिन्हात, शेवटी पान नंबर. काळ्याने तुमचं स्वतःचं, म्हणजे ते वाचून काय वाटलं, कुठे पटलं नाही, आपल्या विषयाला कसं लागू पडतं. कॉम्प्युटरवर काढत असाल तर कॉपी-पेस्ट केलेलं सगळं लगेच पिवळं हायलाईट करायचं, लगेच म्हणजे त्याच सेकंदाला, "नंतर करतो" म्हटलं की ते राहिलंच. फायनल फाईलमध्ये पिवळं काही उरलं असेल तर ते एकतर अवतरण चिन्हात जाईल किंवा बाहेर जाईल, तिसरा रस्ता नाही. एक मॅडम मला ही पद्धत दाखवून गेल्या होत्या, त्यांची वही बघून मला माझ्या वहीची लाज वाटली.

शब्द बदलले म्हणजे आपलं झालं असं नाही

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून नीट बघा. समजा एका पुस्तकात असं वाक्य आहे (लेखक पाटील, साल २०१६, पान ४२, हे सगळं मी उदाहरणासाठी मनाने घातलंय):

"ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की द्राक्षबागेत डावणीचा प्रादुर्भाव वाढतो आणि फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या हिशोबाबाहेर जातो."

आता आपला विद्यार्थी काय करतो: "ऑक्टोबरमधील छाटणीपश्चात पर्जन्यमान लांबल्यास द्राक्षमळ्यामध्ये डावणी रोगाचे प्रमाण वाढते व औषध फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जातो." पावसाचं पर्जन्यमान केलं, बागेचा मळा केला, संपलं. वाक्याची हाडं तीच आहेत, फक्त कपडे बदलले. खाली संदर्भ दिला तरी हे अर्धवटच, अन न दिला तर सरळ चोरी.

बरोबर कसं? पुस्तक बंद करा. खरोखर बंद करा, टॅब पण बंद. मग समोर मित्र बसलाय असं समजून त्याला सांगा, अन जे सांगितलं ते लिहा: "फळछाटणीनंतरचा लांबलेला पाऊस हा पाटील (२०१६, पृ. ४२) यांच्या मांडणीत नुसता रोगाचा प्रश्न राहत नाही, ते त्याला शेतकऱ्याच्या खर्चाशी जोडतात. निफाड अन दिंडोरीतल्या ज्या बागायतदारांशी मी बोललो त्यांच्याकडे मात्र औषधापेक्षा मजुरीचा आकडा मोठा निघाला." बघा, पाटलांचं काय ते पाटलांना दिलं अन त्यापुढे स्वतःचं काहीतरी आलं. संदर्भ दिल्याने आपण लहान होतो असं पोरांना वाटतं, उलट त्याने तुमचं नेमकं कुठून सुरू होतं ते परीक्षकाला कळतं. अन जर पुस्तक बंद केल्यावर काही सांगताच आलं नाही तर ते तुम्हाला समजलेलंच नाही, परत वाचा.

जिथे लेखकाचे शब्दच महत्त्वाचे आहेत, व्याख्या असेल, कवितेची ओळ असेल, कायद्याचं कलम असेल, तिथे बिनधास्त जसंच्या तसं घ्या, अवतरण चिन्ह अन पान नंबर देऊन. एपीए ही संदर्भ द्यायची एक पद्धत आहे, तिच्यात ४० किंवा त्याहून जास्त शब्दांचा उतारा असेल तर तो वेगळ्या परिच्छेदात, डावीकडून अर्धा इंच आत घेऊन, अन तेव्हा अवतरण चिन्ह लावायचं नसतं. पण पान भरून उतारे टाकू नका, मग तो थिसिस राहत नाही, कात्रणवही होते.

कशाला संदर्भ लागत नाही

काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, हे सगळ्यांना माहीत असलेलं, याला संदर्भ नाही दिला तर कोणी फाशी देणार नाही. पण सत्याग्रहात किती लोक होते, कोणत्या दिवशी कोणत्या दरवाजावर काय झालं, ते तसं का झालं, हे लिहिलं की लगेच कुठून आणलं ते सांगावं लागेल. आकडा आला की स्रोत आला, हा माझा ठोकताळा. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ असं नुसतं लिहून सोडायचं नाही, "जनगणना २०११" पाहिजेच, कारण तो आकडा आजचा नाहीये. टेबल, नकाशा, फोटो याच्या खाली पण "स्रोत:" ची ओळ लागते, अन तुम्ही दोन ठिकाणचे आकडे जोडून टेबल केलं असेल तर तसं लिहा. लासलगाव मार्केटला जाऊन तुम्ही स्वतः शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या असतील तर तो तुमचा डेटा झाला, तो संदर्भसूचीत घालायचा नसतो, संशोधन पद्धतीच्या प्रकरणात सांगायचा.

कॉपीराईट संपलाय म्हणून संदर्भ नको, असं पण काही जण म्हणतात. नाशिकचं जुनं गॅझेटिअर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १६ वा खंड, १८८३ चा, तो आता कोणीही छापू शकतो, पण त्यातली माहिती घेतली तर नाव द्यावंच लागेल. कॉपीराईट हा कायद्याचा विषय आहे, प्लॅगिअरिझम हा प्रामाणिकपणाचा.

मराठीवाल्यांच्या खास खोड्या

इंग्रजी पेपर उचलायचा, ट्रान्सलेट मारायचं, मराठीत चिकटवायचं. रिपोर्टमध्ये बऱ्याचदा काही येत नाही, म्हणून लोकांना वाटतं जमलं. भाषा बदलली तरी कल्पना त्याचीच आहे ना. भाषांतर करून घेतलं तर "अनुवाद प्रस्तुत संशोधकाचा" असं लिहून मूळ लेखकाचा संदर्भ द्यायचा, मग काही अडचण नाही. अन मशीनचं मराठी ओळखू येतं हो, "हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे" असं दर दुसऱ्या ओळीला आलं की गाईड पण ओळखतात अन मी पण.

दुसरी खोडी माझ्या धंद्यातली. जुन्या श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टात टाईप केलेली फाईल युनिकोड नसते, आपल्याला स्क्रीनवर मराठी दिसतं पण आत कॉम्प्युटरला ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यामुळे सॉफ्टवेअरला काही जुळतच नाही अन रिपोर्ट एक-दोन टक्के येतो. मग लोक पेढे वाटतात. पुढे कोणी युनिकोडमध्ये फाईल मागितली की खरा आकडा बाहेर येतो. अक्षरं पांढरी करून लपवणं, मधेच दुसऱ्या लिपीतलं सारखं दिसणारं अक्षर घुसवणं, हे प्रकार तर आता टर्निटिनसारखी सॉफ्टवेअर स्वतःच पकडून दाखवतात, अन पकडलं गेलं की मग "चुकून राहिलं सर" हे सांगायची सोय पण उरत नाही.

तिसरं म्हणजे उधारीचे संदर्भ. पांडवलेण्यावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण गौतमी बलश्रीचा शिलालेख आणतो, तीन नंबरच्या लेण्यातला, अन खाली ऐटीत "एपिग्राफिया इंडिका, खंड ८" लिहितो, म्हणजे सेनार यांनी तो लेख जिथे छापला ती शिलालेखांची इंग्रजी मालिका. विचारलं खंड ८ बघितलाय का, तर नाही, कुठल्यातरी मराठी पुस्तकात वाचलंय. मग तसंच लिहा ना बाबा: सेनार, अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत, पृष्ठ तमुक. सूचीत तुम्ही हातात धरलेलं पुस्तकच येईल. नाहीतर त्या मराठी लेखकाची एखादी छपाईची चूक तुमच्याकडे जशीच्या तशी येते अन तीच तुम्हाला पकडून देते. विकिपीडियाचं पण हेच, वाचा जरूर, पण खालच्या संदर्भांवर क्लिक करून मूळ गाठा.

टक्क्यांचं काय

यूजीसीचा २०१८ चा नियम आहे. १० टक्क्यांपर्यंत सारखेपणा असेल तर दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर दुरुस्त करून जास्तीत जास्त ६ महिन्यांत परत द्यायचं, ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर वर्षभर देताच येत नाही, अन ६० च्या वर गेलं की रजिस्ट्रेशन रद्द. डिग्री मिळून गेल्यावर सिद्ध झालं तर डिग्री स्थगित ठेवता येते, अन पीएचडीचे थिसिस शोधगंगा या वेबसाईटवर जगाला उघडे असतात, म्हणजे दहा वर्षांनी पण कोणी काढू शकतं. संदर्भसूची, अनुक्रमणिका, मनोगत, नीट श्रेय दिलेले उतारे हे सगळं मोजणीतून वगळायचं असतं, तर रिपोर्ट काढणाऱ्याला आधी विचारा वगळलंय का, निम्म्या लोकांचा घाम तिथेच पुसला जातो. सलग १४ शब्दांपर्यंतची योगायोगाची जुळणी पण वगळतात, पण त्याचा अर्थ तेरा-तेरा शब्द उचलायचा परवाना असा काढणारे महाभाग मी पाहिलेत.

अन टक्का म्हणजे फक्त सारखेपणा. ३० टक्क्यांतही सगळं रीतसर असू शकतं, ४ टक्क्यांत आख्खी कल्पना ढापलेली असू शकते. रिपोर्ट उघडून रंगीत ओळ न ओळ बघायची, वरचा आकडा बघून पळायचं नाही.

सूची करताना

कोणती पद्धत वापरायची हे आधी गाईडला विचारा, माझ्याकडे येऊन "दादा जे चालतं ते टाका" म्हणू नका. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्राला बहुतेक एपीए, भाषेवाल्यांना एमएलए, मेडिकलवाल्यांना व्हँकुव्हर म्हणजे आकड्यांची, इंजिनिअरिंगच्या ब्लॅकबुकला म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टला चौकटी कंसातले आकडे, इतिहासाला तळटीपा. एपीएत कंसात (पाटील, २०१६, पृ. ४२), एमएलएत नुसतं (पाटील ४२). तीन किंवा जास्त लेखक असतील तर एपीएच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे पहिल्यांदाच "पाटील व इतर". त्याच आवृत्तीत प्रकाशकाचं गाव पण लिहायचं नाही, पण आपल्याकडच्या बऱ्याच मराठी विभागांना अजून "पुणे" दिसल्याशिवाय चैन पडत नाही. कोणतीही चालेल, पण सगळीकडे एकच ठेवा, पहिल्या प्रकरणात एक अन चौथ्यात दुसरी असं झालं की उचलेगिरी लांबून दिसते.

आडनावांचा घोळ आपल्याकडे फार. पाटील, जाधव, पवार इतके की नुसत्या आडनावाने कळत नाही, मग दोन वेगळे पाटील असतील तर मजकुरातच आद्याक्षरं घाला, अन एकाच पाटलांची एकाच सालातली दोन पुस्तकं असतील तर २०१६अ, २०१६ब. टोपणनावं पुस्तकावर जशी आहेत तशी. आपले तात्यासाहेबच बघा, कवितासंग्रहावर कुसुमाग्रज अन नाटकावर वि. वा. शिरवाडकर, दोन्ही वापरलं तर सूचीत दोन जागी येतील, फार तर एका ठिकाणी "शिरवाडकर पाहा" असं टाका. मराठी सूची मराठी वर्णक्रमाने अन इंग्रजी तिच्या खाली वेगळी, वर्डचं सॉर्टिंग मारलं तरी डोळ्याने एकदा बघा.

हाताने करायचा कंटाळा असेल तर झोटेरो नावाचं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, ब्राऊझरमधून पेपर सेव्ह होतो अन वर्डमध्ये संदर्भ आपोआप पडतो. गूगल स्कॉलरमध्ये प्रत्येक पेपरखाली अवतरण चिन्हाचं बटण असतं, तिथे तयार संदर्भ मिळतो, पण नावं उलटी-सुलटी असतात, तपासून घ्या. अन चॅटजीपीटीला "दहा संदर्भ दे" म्हणू नका. यावर्षी एक भाऊ आला होता, पंचवीस संदर्भांची देखणी सूची, डीओआय नंबरासकट, म्हणजे जो टाकला की नेटवर तो पेपर उघडतो तो नंबर. मी सहज तीन नंबर टाकून बघितले, दोन उघडलेच नाहीत अन तिसरा भलत्याच विषयाचा निघाला. तो पोरगा म्हणतो, "पण दादा, दिसतंय तर खरं."

बाईंडिंगला टाकायच्या आधी एक शेवटचं काम, तासभर लागतो फक्त. सूचीची प्रिंट काढा, एकेका आडनावाने फाईलमध्ये शोधा, मजकुरात सापडलं की टिक करा. सूचीत आहे पण मजकुरात नाही ते उडवा. मग उलटं, प्रत्येक कंस सूचीत आहे का बघा. दोघं असलात तर एक वाचतो एक टिक करतो, लवकर होतं. स्वतःचाच आधीचा प्रोजेक्ट किंवा छापलेला लेख वापरला असेल तर तो पण सूचीत पाहिजे, अन गाईडला सांगितलेलं पाहिजे.

एवढं झालं की या. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉप्या मिळतील. फक्त गाईडच्या नावाचं स्पेलिंग अन डिग्र्या त्यांनाच दाखवून आणा, एकदा एम्बॉसिंग झालं की ते मात्र खरंच काढून मिळत नाही.